मोठ्या टेक कंपनीची मुलाखत: समोरचा तुमच्याबद्दल काय लिहिणार आहे?

गूगलमध्ये मुलाखत घेणारा इंजिनीअर तुम्हाला नोकरी देत नाही. ४५ मिनिटं तुमच्याशी बोलून झालं की तो एक सविस्तर टिपण लिहितो. कोणता प्रश्न दिला, तुम्ही उलट काय विचारलंत, कुठे अडलात, इशारा दिल्यावर काय केलंत, कोड कसा होता, असं सगळं त्यात असतं. अशी चार-पाच टिपणं एकत्र करून हायरिंग कमिटीपुढे ठेवायची, ही तिथली वर्षानुवर्षांची पद्धत. कमिटीतल्या माणसांनी तुमचा चेहराही पाहिलेला नसतो. अ‍ॅमेझॉनमध्ये मुलाखत घेणारे सगळे एकत्र बसून चर्चा करतात, पण त्याआधी प्रत्येकाला आपलं मत लेखी द्यावं लागतं आणि स्वतःचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याचं वाचता येत नाही.

तयारी करताना ही एकच गोष्ट डोक्यात ठेवली तरी बरीच कामं सोपी होतात. तुमच्याबद्दल चांगलं लिहिता येईल इतका ऐवज ४५ मिनिटांत समोरच्याच्या हाती पडला पाहिजे. मनातल्या मनात सुटलेला प्रश्न त्याच्या टिपणात येत नाही.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वाढलेल्या मुलांना हे जड जातं, त्याला कारण आहे. व्हायवामध्ये आपल्याला उलटं शिकवलेलं असतं: विचारलं तेवढंच सांगा, जास्त बोललात तर एक्स्टर्नल त्यातूनच पुढचा प्रश्न काढेल. मोठ्या टेक कंपनीच्या मुलाखतीत पुढचा प्रश्न निघणं हे चांगलं लक्षण असतं.

हा लेख सॉफ्टवेअर इंजिनीअरच्या जागेसाठी पहिल्यांदाच प्रयत्न करणाऱ्यांसाठी आहे. त्यात शेवटच्या वर्षाला असलेले आले, आणि सर्व्हिस कंपनीत दोन-तीन वर्षं काढून आता हैदराबाद, बेंगळुरू किंवा पुण्यातल्या प्रॉडक्ट कंपन्यांकडे बघणारेही आले.

पहिली पायरी: फेऱ्या समजून घ्या

साधारण क्रम असा असतो. रेझ्युमे निवडला गेला की रिक्रूटरचा फोन किंवा मेल येतो. मग ऑनलाइन टेस्ट असते, त्यात बहुधा दोन कोडिंगचे प्रश्न. काही ठिकाणी टेस्टऐवजी किंवा टेस्टनंतर एका इंजिनीअरबरोबर स्क्रीनिंगची फेरी होते. त्यातून पुढे गेलात की मुख्य मुलाखती, म्हणजे ज्याला सगळे ‘लूप’ म्हणतात: चार-पाच फेऱ्या, प्रत्येकी ४५ मिनिटं ते तास. गूगलने स्वतःच्या जुन्या मुलाखतींचा अभ्यास केला तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो असं दिसलं. त्याच्या पुढे मुलाखती वाढवून फारसा फायदा होत नव्हता.

अ‍ॅमेझॉनच्या लूपमध्ये एक जण ‘बार रेझर’ असतो. ही पद्धत १९९९ पासूनची आहे. ज्या टीमला माणूस हवाय त्या टीमशी त्याचा संबंध नसतो आणि त्याचं ‘नाही’ असेल तर ऑफर निघत नाही. बार रेझर कोण हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही. ओळखायचा प्रयत्नही करू नका, वेळ वाया जातो.

‘गटाराचं झाकण गोल का असतं’ छापाच्या कोड्यांचं मात्र आता टेन्शन घेऊ नका. गूगलचे त्या वेळचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं की अशा कोड्यांवरून उमेदवाराबद्दल काहीही कळत नाही. तरीही कोचिंग क्लासच्या पीडीएफमध्ये ती कोडी अजून फिरताहेत.

रिक्रूटरला प्रश्न विचारायला लाजू नका. किती फेऱ्या, कोणत्या फेरीत काय, एडिटर कोणता, कोड चालवून बघता येतो का, कोणती भाषा चालते, हे सगळं तो आनंदाने सांगतो. रिकामी जागा भरणं हेच त्याचं काम आहे, तुम्ही नापास होऊन त्याचा काही फायदा नाही. तयारीला दोन-तीन आठवडे जास्त मागितले तर बहुतेक वेळा मिळतात. तारीख मिळाली म्हणून लगेच ‘उद्या चालेल’ म्हणून टाकणारे मला कळत नाहीत.

रेझ्युमे आणि रेफरल

रेझ्युमे एक पानाचा ठेवा. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, शेवटी सही करून ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं काढून टाका. प्रत्येक ओळीत तुम्ही काय केलंत आणि त्याने काय बदललं हे दिसू द्या. ‘पेमेंट मॉड्यूलवर काम केलं’ यातून काहीच कळत नाही. ‘रात्रीचा रिपोर्ट चार तासांवरून पंचवीस मिनिटांवर आणला, कारण एकच क्वेरी लूपमध्ये हजारो वेळा चालत होती’ हे वाचलं की समोरच्याला लगेच प्रश्न सुचतो. जे लिहाल त्यावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. मित्राने केलेला फायनल इयर प्रोजेक्ट स्वतःच्या नावावर टाकलेला पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

ऑफ-कॅम्पस असाल तर रेफरलने, म्हणजे कंपनीतल्या कुणी तुमचं नाव सुचवल्याने, फरक पडतो: अर्ज माणसाच्या डोळ्यांखालून जाण्याची शक्यता वाढते. त्यापलीकडे काही नाही, मुलाखतीत रेफरल कुणी विचारत नाही. कॉलेजच्या सीनिअरला मेसेज करताना नुसतं ‘दादा, रेफरल मिळेल का’ असं लिहू नका. जागेची लिंक, रेझ्युमे आणि आपण त्या जागेसाठी का योग्य आहोत हे दोन-तीन ओळींत द्या. त्याला ते फॉर्ममध्ये चिकटवायचं असतं.

रेफरल, मुलाखत, लॅपटॉप डिपॉझिट किंवा ‘व्हेरिफिकेशन फी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तो फसवणारा आहे. यातली कुठलीही कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मेलचा पत्ता @ च्या पुढे नीट वाचा.

भाषा एक निवडा आणि तिची स्टँडर्ड लायब्ररी पाठ करा

सी प्लस प्लस, जावा, पायथन, तिन्ही चालतात. पायथन सोपी आहे असं ऐकून मुलाखतीच्या आठवडाभर आधी भाषा बदलू नका. ज्या भाषेत हात चालतो तीच घ्या, पण तिची चार-पाच अवजारं न अडखळता वापरता आली पाहिजेत: हॅशमॅप, स्वतःच्या निकषाने सॉर्ट करणं, हीप, दोन्ही टोकांनी चालणारी क्यू, स्ट्रिंगची कापाकापी.

शिवाय प्रत्येक भाषेतले खड्डे माहीत हवेत. पायथनच्या हीपक्यूमध्ये सगळ्यात लहान घटक वर येतो. मोठा हवा असेल तर आकडे ऋण करून टाका, हा नेहमीचा उपाय. जावामध्ये दोन इंटीजर ऑब्जेक्टची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने केली तर -१२८ ते १२७ पर्यंत बरोबर उत्तर येतं आणि पुढे चुकतं. लहान आकड्यांवर तपासून ‘चालतंय’ म्हणणारा इथे हमखास फसतो. सी प्लस प्लस आणि जावामध्ये बायनरी सर्चचा मध्य काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनने भागली तर मोठ्या अ‍ॅरेवर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे बेरीज इंटीजरमध्ये मावत नाही. जावाच्या अधिकृत लायब्ररीतच ही चूक जवळपास नऊ वर्षं होती, आणि जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याबद्दल लिहिलं. मुलाखतीत तुम्ही मध्य ‘डावं टोक अधिक अर्धं अंतर’ असा काढलात आणि का ते एका वाक्यात सांगितलंत, की टिपणात एक चांगली ओळ आली.

प्रश्न किती आणि कोणते

लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर पाचशे प्रश्न सोडवल्याचे स्क्रीनशॉट बघून दडपण येतं. माझं मत विचाराल तर दीडशे-दोनशे नीट केलेले प्रश्न फ्रेशरला पुरतात. नीट म्हणजे दोन महिन्यांनी तोच प्रश्न समोर आला तर कारणांसकट पुन्हा सोडवता येणं.

क्रम साधारण असा लावा: अ‍ॅरे, स्ट्रिंग आणि हॅशमॅप, मग टू पॉइंटर आणि स्लायडिंग विंडो, सॉर्टिंग आणि बायनरी सर्च, स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री, हीप, ग्राफवर बीएफएस आणि डीएफएस, रिकर्शन आणि बॅकट्रॅकिंग, शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. बहुतेक मुलं डायनॅमिक प्रोग्रॅमिंगला घाबरून त्यातच महिना घालवतात आणि ग्राफ राहून जातो. माझ्या मते ग्राफला जास्त वेळ द्यावा, कारण ‘ग्राफ’ हा शब्दही न वापरता ग्राफचा प्रश्न विचारता येतो: मॅट्रिक्समधली बेटं मोजा, कोणता कोर्स आधी करावा लागेल ते सांगा, एका शब्दातलं एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत जा.

एका प्रश्नाला अर्धा-पाऊण तास द्या. नाही सुटला तर उत्तर वाचा, ते बंद करा आणि कोरा कोड स्वतः लिहा. आठवड्याने परत. वहीत प्रत्येक प्रश्नापुढे एकच ओळ लिहा: ‘कोणत्या खुणेवरून हा मार्ग सुचायला हवा होता?’ उत्तरं उतरवलेली वही जर्नलसारखी होते, नंतर कुणी उघडत नाही. खुणांची वही शेवटच्या आठवड्यात चाळता येते.

इनपुटचा आकार ही त्यातली पहिली खूण. साधारण एका सेकंदात दहा कोटी साध्या क्रिया होतात असं धरा. एन (इनपुटमधल्या घटकांची संख्या) एक लाख असेल तर एन वर्ग म्हणजे हजार कोटी, हे बसणार नाही. एन लॉग एन लागेल. एन वीसच्या आत असेल तर सगळ्या शक्यता तपासल्या तरी चालतं, दोनचा विसावा घात दहा लाखांच्या आसपासच जातो. ऑनलाइन टेस्टमध्ये हा आकार छापलेलाच असतो, मुलाखतीत तो तुम्ही विचारायचा.

हे सगळं अन्याय्य आहे का? वाद होऊ शकतो. मॅकवर काम करणारे असंख्य इंजिनीअर सॉफ्टवेअर बसवायला ‘होमब्रू’ वापरतात. त्याचे कर्ते मॅक्स हॉवेल यांना गूगलने नाकारलं आणि २०१५ मध्ये त्यांनी वैतागून जाहीर लिहिलं की तुमचे बहुतेक इंजिनीअर मी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतात, पण बोर्डवर बायनरी ट्री उलटी करता आली नाही म्हणून मी नको. त्यावर जगभर चर्चा झाली. आज दहा वर्षांनंतरही ट्रीचे प्रश्न विचारले जातातच.

एक प्रश्न, तोंडाने सोडवलेला

आता मुख्य भाग. आपल्याकडे पुष्कळ विचारला जाणारा एक प्रश्न घेऊ: एका स्टेशनवर दिवसभरात येणाऱ्या गाड्यांच्या येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा दिल्या आहेत. एकही गाडी बाहेर थांबू नये म्हणून कमीत कमी किती प्लॅटफॉर्म लागतील?

पाठ केलेला उमेदवार लगेच म्हणतो, ‘दोन्ही याद्या सॉर्ट करायच्या आणि टू पॉइंटर लावायचा.’ उत्तर बरोबर आहे आणि टिपणात लिहिण्यासारखं जवळजवळ काहीच नाही.

त्याऐवजी आधी विचारा. एक गाडी ज्या मिनिटाला सुटते त्याच मिनिटाला दुसरी त्याच प्लॅटफॉर्मवर येऊ शकते का? मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाड्या आहेत का? गाड्या किती? वेळा मिनिटांत आहेत की सेकंदांत? यातला एकही प्रश्न शोभेचा नाही. तीन गाड्या घ्या: पहिली ९:०० ते ९:१०, दुसरी ९:०५ ते ९:३०, तिसरी ९:१० ते ९:२०. सुटणाऱ्या गाडीची जागा त्याच मिनिटाला मिळत असेल तर दोन प्लॅटफॉर्म पुरतात. मिळत नसेल तर तीन लागतात. कोडमध्ये फरक फक्त ‘पेक्षा कमी’ की ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ एवढाच. न विचारता तुम्ही दोन्हींपैकी एक गृहीत धरलंत, तर निम्म्या वेळा चुकाल आणि कळणारही नाही.

मग साधा मार्ग मोठ्याने सांगा: प्रत्येक गाडी येते त्या क्षणी बाकीच्या किती गाड्या उभ्या आहेत ते मोजायचं, एन वर्ग वेळ. तो सांगण्यात कमीपणा नाही. पुढे काही सुचलं नाही तरी चालणारं एक उत्तर नोंदलं गेलेलं असतं. आता त्यात वाया काय जातंय? आपल्याला कोणती गाडी उभी आहे याच्याशी देणंघेणं नाही, फक्त किती उभ्या आहेत एवढंच हवंय. म्हणून येण्याच्या वेळा वेगळ्या आणि सुटण्याच्या वेगळ्या सॉर्ट करता येतात. गाडीची ओळख हरवली तरी बिघडत नाही. ही ओळ सगळ्या उत्तराचा गाभा आहे आणि पाठ करणारे नेमकी हीच सांगत नाहीत. दोन्ही याद्यांवर एकेक बोट ठेवून पुढे सरकायचं, गाडी आली की एक वाढवायचं, सुटली की एक कमी करायचं, आणि सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवायचा. वेळ एन लॉग एन.

मध्यरात्रीचं काय? २३:५० ला येऊन ००:१० ला सुटणारी गाडी घड्याळाप्रमाणे येण्याआधीच सुटलेली दिसते आणि हा कोड कोलमडतो. त्या गाडीचे दोन तुकडे करायचे, मध्यरात्रीपर्यंतचा एक आणि मध्यरात्रीनंतरचा एक. गाड्या लाखो असतील आणि वेळा मिनिटांतच असतील, तर सॉर्टचीही गरज नाही: दिवसात १४४० मिनिटं असतात. तेवढ्याच लांबीचा अ‍ॅरे घ्या, येण्याच्या मिनिटाला एक मिळवा, सुटण्याच्या मिनिटाला एक वजा करा आणि डावीकडून बेरीज करत जा.

कोड लिहून झाला की ‘झालं’ म्हणून मागे टेकू नका. वरच्याच तीन गाड्या घेऊन ओळ ओळ चालवून दाखवा, उभ्या गाड्यांचा आकडा कोणत्या क्षणी किती आहे ते बोला. मग रिकामी यादी, एकच गाडी, सगळ्या गाड्या एकाच वेळी. चूक तुम्हीच शोधलीत तर ती जमेच्या बाजूला जाते. मुलाखत घेणाऱ्याने दाखवली तर उलट.

बोलण्याचा सराव, इंग्रजीसकट

वरचं सगळं इंग्रजीत बोलायचं आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथेच धडकी भरते. कोड येतो, ट्री कळते, पण बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटतं. छोटी वाक्यं बोला. मुलाखत घेणारा तुमचं व्याकरण तपासत नाही, आणि अनेकदा त्याचंही इंग्रजी तेलुगू, तमिळ किंवा बिहारी वळणाचं असतं. लागणारी वाक्यं मोजकीच आहेत: मी असं गृहीत धरतोय, हे बरोबर आहे का, याला इतका वेळ लागेल कारण, इथे मी अडलोय, दोन मार्ग दिसताहेत, एक मिनिट विचार करू द्या. ही इंग्रजीत तोंडात बसेपर्यंत म्हणा.

सरावाची पद्धत साधी आहे. फोनवर रेकॉर्डिंग लावा, साध्या नोटपॅडमध्ये किंवा कागदावर प्रश्न सोडवा आणि सोडवताना बोला. ऑटोकम्प्लीट बंद, रन बटण नाही. गूगलच्या मुलाखती बराच काळ साध्या डॉक्युमेंटमध्येच व्हायच्या. नंतर ते ऐका. पहिल्या वेळी लाज वाटते. सलग तीन मिनिटं शांतता कुठे आहे ते बघा. समोरच्याच्या टिपणात ती जागा रिकामी राहणार असते. मग मित्राबरोबर मॉक इंटरव्ह्यू करा, आठवड्याला दोन, आणि त्यातल्या एकात तुम्ही मुलाखत घेणारे व्हा. मित्राचं बोलणं संपल्यावर त्याच्याबद्दल दहा ओळी लिहून बघा. लिहायला काही सापडलं नाही की तुम्हाला स्वतःचंही कळतं.

इशाऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. मुलाखत घेणारा म्हणाला, ‘याद्या सॉर्ट असत्या तर?’ तर ते वाक्य त्याने सहज म्हटलेलं नाही. आपला मार्ग सोडावासा वाटत नसला तरी तिथेच थांबा आणि त्याचं वाक्य मोठ्याने पुढे न्या. हट्टाने आपलाच मार्ग रेटणारे उमेदवार कोड पूर्ण करूनही नापास होतात.

तुमच्या गोष्टी

अ‍ॅमेझॉनच्या प्रत्येक फेरीत अर्धा वेळ ‘एखादा प्रसंग सांगा’ याला जातो. त्यांची लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कंपनीने ठरवलेली कामाची तत्त्वं, १६ आहेत (२०२१ च्या जुलैपर्यंत १४ होती) आणि प्रत्येक फेरीला त्यातली दोन-तीन वाटून दिलेली असतात. ही यादी त्यांच्या साइटवर उघडी आहे, ती न वाचता जाणं म्हणजे पेपर फुटलेला असून न बघणं. गूगलमध्ये यासाठी सहसा एक फेरी असते, मायक्रोसॉफ्टमध्ये असे प्रश्न तांत्रिक फेऱ्यांतच मिसळतात.

उत्तराचा साचा सगळीकडे एकच सांगतात: परिस्थिती, तुमच्यावरची जबाबदारी, तुम्ही काय केलंत, काय झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्टार’ म्हणतात. आपले लोक पहिल्या भागात चार मिनिटं घालवतात, प्रोजेक्टची, क्लायंटची, टीमची सगळी पार्श्वभूमी. ती अर्ध्या मिनिटात आटपा. तिसऱ्या भागात खरा वेळ द्या.

तिथे आणखी एक अडचण येते. घरी-दारी आपण ‘मी केलं’ म्हणायला संकोचतो, सगळं श्रेय टीमला देतो. मुलाखत घेणाऱ्याला तुमचा वाटा वेगळा काढून लिहायचा असतो. टीमने रिलीज केलं ते ठीक, त्यातला कोणता निर्णय तुमचा होता, कुणाचा विरोध होता, तुम्ही त्याला आकडे दाखवलेत की नुसता आग्रह धरलात? हे प्रश्न तीन-तीन थर खाली जातात. म्हणून बनवलेली गोष्ट टिकत नाही.

आठ-दहा खरे प्रसंग कागदावर काढा. फ्रेशरकडे काय असणार असं वाटतं, पण असतं: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक जण कामच करत नव्हता तेव्हा काय केलंत, गॅदरिंगची वेबसाइट नोंदणीच्या दिवशी बंद पडली, इंटर्नशिपमध्ये वरिष्ठांचं म्हणणं पटलं नाही. अपयशाच्या प्रश्नाला ‘मी फारच परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर देऊ नका. ते ऐकून समोरच्याने पेन खाली ठेवलेलं असतं.

सिस्टम डिझाइन

या फेरीत एखादी मोठी यंत्रणा कशी उभाराल ते विचारतात. फ्रेशरने यावर महिने घालवू नयेत. तीनेक वर्षांचा अनुभव असेल तर एक फेरी धरून चाला. तयारीसाठी परदेशी अ‍ॅपच घ्यायला हवं असं नाही, तत्काळ तिकिटांचं आरक्षण घ्या. एसीसाठी सकाळी १० आणि नॉन-एसीसाठी ११ वाजता खिडकी उघडते आणि सगळा भार त्या काही मिनिटांत येतो. सरासरी काढून उपयोग नाही हे इथे लगेच दिसतं: दिवसाचे ८६,४०० सेकंद घेऊन भागाकार केलात तर आकडा फसवा येईल. एक बर्थ दोघांना जाता कामा नये. पैसे भरेपर्यंत तो किती वेळ अडवून ठेवायचा. पेमेंट अडकलं तर काय. गाडीतल्या उरलेल्या जागा दाखवताना थोडी जुनी माहिती चालेल का. यातल्या प्रत्येक ठिकाणी तुम्ही काय सोडून काय घेतलंत ते सांगता आलं, तर चौकोन आणि बाण कसेही काढा.

मुलाखतीचा दिवस

घरून असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, लॅपटॉप चार्ज करा, लाइट जाण्याची वेळ माहीत असेल तर त्यानुसार वेळ मागा. हॉस्टेलवर असाल तर रूममेटला आधी सांगून ठेवा. कोरे कागद आणि पाणी जवळ असू द्या. नेट गेलं तर घाबरू नका, रिक्रूटरला लगेच फोन करा, फेरी पुन्हा ठरते.

दुसऱ्या स्क्रीनवर एआय उघडून उत्तरं वाचण्याचा मोह होईल. मुलाखत घेणाऱ्यांना ते आता ओळखू येतं: प्रश्नानंतरचा ठरावीक थांबा, डोळ्यांची हालचाल, आणि ‘इथे हाच मार्ग का?’ विचारल्यावर उडालेला गोंधळ. याच कारणाने गूगलचे सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये किमान एक फेरी प्रत्यक्ष समोर बसून घेण्याबद्दल सांगितलं. सापडलात तर ती मुलाखत तर जातेच, पुढचे दरवाजेही बंद होतात.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ येतं. पगार आणि रजा इथे नको, ते रिक्रूटरकडे. त्या माणसाच्या कामाबद्दल विचारा: शेवटची मोठी अडचण कोणती आली, कोड रिव्ह्यू कसा होतो.

निकालानंतर

नकार आला तर कारण बहुतेक वेळा सांगत नाहीत. सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो, नेमका काळ रिक्रूटरला विचारा. त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न आणि अडलेल्या जागा स्वतःसाठी लिहून ठेवा, आठवड्याने आठवत नाहीत.

ऑफर आली तर सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्याने हुरळून जाऊ नका. मूळ पगार, बोनस, जॉइनिंग बोनस आणि कंपनीचे शेअर वेगवेगळे लिहून काढा. शेअर चार वर्षांत हप्त्यांनी मिळतात आणि हप्ते सारखे असतीलच असं नाही. अ‍ॅमेझॉनची नेहमीची विभागणी पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि मग दोन वर्षं ४०-४० अशी असते. ते शेअर तुमच्या नावावर होतात त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखा आयकर लागतो, विकले नाहीत तरी. जॉइनिंग बोनस ठरावीक काळाआधी सोडून गेलात तर परत द्यावा लागतो, ती अट वाचा.

सर्व्हिस कंपनीत असाल तर नोटीस पीरियड ९० दिवसांचा असू शकतो. पैसे भरून तो कमी करता येतो का हे तुमच्या नेमणूकपत्रात बघा आणि नव्या कंपनीला आधीच सांगा. सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. पीएफच्या यूएएन खात्यातल्या तारखा रेझ्युमेशी जुळतात का तेही आत्ताच तपासा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते असं पुष्कळदा होतं, आणि ती दुरुस्त व्हायला आठवडे लागू शकतात.